किती देते?

"झिरो बघा, साहेब."

मी बघितला. पेट्रोल पंपावर मला डोळे उघडे ठेवून बघवतो असा तो एकच आकडा. पुढचे आकडे पळायला लागले की मी हवा भरायच्या मशीनकडे, आभाळाकडे, नाहीतर 'मोबाइल वापरू नये' या पाटीकडे एकाग्रतेने बघत बसतो.

"किती देते?" नोझल टाकीत खोचता खोचता पंपावरच्या मुलाने विचारलं.

हा प्रश्न पुण्यात कुणीही, कुणालाही, कुठेही विचारू शकतो. पगार विचारणं असभ्य, वय विचारणं आगाऊपणाचं. पण गाडीचं अ‍ॅव्हरेज ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यामुळे मी उत्तरं तयारच ठेवतो. ऑफिसात चौदा. सोसायटीत साडेतेरा, कारण पूर्णांकापेक्षा अपूर्णांक खरा वाटतो. सासुरवाडीला पंधरा, तिथे जावयाची इभ्रत टाकीतच असते. बायकोला काहीच सांगत नाही. तिला बँकेचे मेसेज येतात.

खरा आकडा ८.६.

मुलाला मी "बारा" म्हणालो. तो नोझलकडे बघून हसला. दर पाचव्या दिवशी मला हजाराचं पेट्रोल देणारा माणूस तो. त्याला अ‍ॅव्हरेज बारा सांगणं म्हणजे न्हाव्याला 'मला टक्कल नाही' म्हणून सांगणं.

माझ्याकडे एक बारा वर्षांची टर्बो गाडी आहे. दारं पाच, डिकी भाजीच्या दोन पिशव्यांची, पण वृत्ती स्पोर्ट्सची. सेकंडहँड घेतली तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांचा होतो. ज्या वयात माणसाने ज्वारीच्या भाकरीकडे वळायचं, त्या वयात मी टर्बोकडे वळलो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुण्यात गाडीचं नाव घेतलं की समोरच्याच्या मेहुण्याकडे नेमकी तीच गाडी निघते आणि ती अठरा देत असते.

एवढंच सांगतो, की या जातीच्या गाड्या काही परक्या नाहीत. आपल्याच एमआयडीसीच्या लेकी आहेत. २००४ साली ऑक्टेव्हिया आरएस आली, १.८ लिटरची, १५० अश्वशक्तीची, ती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याची. २०१० ची लिनिया टी-जेट आणि २०१५ ची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो, दोघी रांजणगावच्या. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय चाकणची. म्हणजे एकीच्या अंगात चाकणच्या कांद्याचा झणका, तर दोघींच्या डोक्यावर महागणपतीचा हात. माझी यांतली कोणती, की आणखी कोणती, हे विचारू नका. मेहुणा येईल.

आता हा अ‍ॅव्हरेजचा आकडा ठरतो कुठे? तर तोही पुण्यातच. ज्या वेताळ टेकडीवर मी सकाळी पोट कमी करायला जातो, तिथेच एआरएआय आहे, गाड्यांची चाचणी घेणारी १९६६ ची संस्था. ब्रोशरवर ज्या सोळा-सतराला भुलून आपण सही करतो तो आकडा अशाच संस्थेच्या प्रयोगशाळेत निघतो. गाडी रोलरवर उभी करतात. १,१८० सेकंदांत ती जागच्या जागी साडेदहा किलोमीटरच्या थोडं वर धावते. वेग एकदाही ९० च्या पुढे नाही, सरासरी ताशी ३२ च्या आसपास. एसी बंद. मागच्या सीटवर आत्या नाही, पायाशी गव्हाची गोणी नाही, पुढ्यात उलट्या दिशेने येणारा डिलिव्हरीवाला नाही. आणि पेट्रोल किती लागलं ते टाकीत डोकावून ठरवत नाहीत; धूर पिशव्यांत भरून, त्यातल्या कार्बनवरून हिशेब काढतात. आमच्या आईला ही पद्धत फार आधीपासून अवगत होती. मी बाहेरून आलो की शर्टाचा नुसता वास घेऊन ती किती प्लेट भजी झाली ते सांगायची, आणि तिचा आकडा कधी चुकला नाही.

थोडक्यात, आकडा खोटा नाही. खोटे आम्ही. तो आकडा ज्या शहाण्या, शिस्तशीर, घाई नसलेल्या माणसाने काढलाय, तो कर्वे रस्त्यावर मला आजवर दिसलेला नाही.

सुरुवातीला मी दोष अर्थातच गाडीला दिला. आमच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, कान लावला आणि जुन्या टर्बोच्या दुखण्यांची यादी काढली. ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला की इंजिन उगाच जास्त पेट्रोल मागतं. थर्मोस्टॅट उघडाच अडकला की इंजिन तापत नाही, आणि आपण अजून थंडच आहोत या समजुतीने पीत राहतं. टर्बोपासून निघालेल्या रबरी नळीला चीर गेली की दाबलेली हवा वाटेतच फुस्स. एअर फिल्टर, प्लग, टायरमधली हवा, सगळं झालं. बिल चौदा हजार. अ‍ॅव्हरेज ८.६ वरून ८.९ वर गेलं.

मी घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. वर्षाला सहा हजार किलोमीटर धरले तर साडेतेवीस लिटर वाचतात. "चौदा हजार सहा वर्षांत वसूल!" मी जाहीर केलं.

"आणि गाडी किती वर्षं चालणार?" बायकोने विचारलं.

"पाच."

दोन महिन्यांत आकडा परत ८.६ वर आला. मी पुन्हा मिस्त्रींकडे गेलो. या वेळी त्यांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. म्हणाले, "साहेब, गाडी ठणठणीत आहे. उजवा पाय दाखवा कुणाला तरी."

बायकोला हे फार पटलं. तिने कुठेतरी वाचलं होतं, की ज्यांच्या नावाने विंचवाचं चिन्ह मिरवतात त्या कार्लो अबार्थनी १९६५ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, सफरचंदं खाऊन ३० किलो वजन घटवलं आणि विक्रमाच्या चिंचोळ्या गाडीत स्वतः बसून मोंझाच्या ट्रॅकवर विक्रम केला. "गाडी हलकी करायची तर ड्रायव्हरपासून सुरुवात करतात मोठी माणसं," असं म्हणून तिने रात्रीच्या ताटात सफरचंद ठेवलं. मी चार दिवस सफरचंदं खाल्ली. पाचव्या दिवशी, सफरचंदांच्या आणि पेट्रोलच्या भावांची तुलना करता, पेट्रोल स्वस्त निघालं.

इथे कथेत अप्पा येतात. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेत चौतीस वर्षं काढून निवृत्त. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहिणारा माणूस. सत्तरच्या दशकात त्यांनी आपल्या कायनेटिकची लूना घेतली, तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक वाहनाची, पहिल्या थेंबापासूनची, वही आहे. माझ्या गाडीत टर्बो आहे हे कळल्यावर त्यांनी पार्किंगमध्येच गाठलं.

"हे टर्बो म्हणजे नक्की काय रे?"

"इंजिनातून जो धूर वाया जातो ना अप्पा, त्याच्या जोरावर एक चक्र फिरतं. मिनिटाला लाखावर फेरे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली पेटंट घेतलंय."

"वाया जाणाऱ्या धुरावर?" अप्पांचा आवाज कातर झाला. "फुकट? हा ब्यूखी मूळचा सदाशिव पेठेतला असणार. मग पेट्रोल किती वाचतं?"

"हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त लागतं. एक किलो पेट्रोलला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा, असं प्रमाण असतं."

"म्हणजे पाहुणे फुकट आले, पण भात आपल्याच घरचा."

"पाय हलका ठेवला तर गरीब गाय आहे हो. दाबला की वळू होतो. चारा दोघांचा वेगळा. आणि फारच दाबला की आत इतकं तापतं, की ते आवरायला इंजिन आणखी थोडं पेट्रोल सोडतं. जाळायला नाही, थंड करायला."

अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेट्रोल? थंड करायला? अरे, पाणी काय भाव झालंय?"

त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या गाडीची तपासणी हाती घेतली. रविवारी सकाळी, फुल टू फुल, कोथरूड ते भोर आणि परत. टाकी गच्च भरायची, जाऊन यायचं, पुन्हा गच्च भरायची. किलोमीटर भागिले लिटर. मी वाटाघाटी करून पाहिल्या. म्हटलं, आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी. जुन्या, कमी इथेनॉलसाठी बनवलेल्या चारचाकी सहा-सात टक्के कमी देतील, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय. तेवढी सूट मिळावी. ही सबब मला मनापासून आवडते. टाकीचा पाचवा हिस्सा ऊस, मका नि तांदूळ. उसाची ट्रॉली पुढे आली की माझी गाडी आपसूक हळू होते, माहेरची माणसं दिसल्यासारखी.

अप्पांनी सूट नाकारली. "पिऊन गाडी चालवणाऱ्याला सूट नाही, मग पिऊन चालणाऱ्या गाडीला कशी?"

खरं तर गाडीला पाजण्याची कल्पना जुनीच आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबील जेटफायर नावाची टर्बो गाडी निघाली. ती तापू नये म्हणून तिला डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलची वेगळी टाकी होती. लोक ती भरायलाच विसरायचे. म्हणजे दारूसाठी खास टाकी दिली आणि ती रिकामी राहिली, असा मोटारींच्याच नव्हे तर मानवजातीच्या इतिहासातला हा एकमेव प्रसंग असावा.

रविवारी सात वाजता पंपावर पोचलो. नोझल आपोआप खट्‌कन बंद झालं तशी मी पाकीट काढलं. "थांब," अप्पा म्हणाले आणि खाली उतरून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवू लागले. आतली हवा निघून आणखी पेट्रोल मावतं. मागे सहा गाड्यांची रांग. अप्पा घामाघूम. पंपावरचा मुलगा अदबीने म्हणाला, "आजोबा, राउंड फिगर करू का?" अप्पांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती त्यांनी बँकेत थकबाकीदारांसाठी राखून ठेवलेली असणार.

मग त्यांनी पिशवीतून एक पोह्याचा पापड काढला.

"हा बुटाखाली, अ‍ॅक्सिलरेटरवर ठेव. मोडला नाही पाहिजे. लूनावर पस्तीस वर्षांपूर्वी हाच प्रयोग मी चामड्याच्या चपलेने केलाय."

"लूनाला अ‍ॅक्सिलरेटर हातात असतो, अप्पा."

"पापडही हातातच होता."

चांदणी चौकापर्यंत पापड शाबूत होता. मी इतका हळू चाललो होतो, की बाजूच्या रिक्षातल्या बाईंनी काच खाली करायची खूण करून "काही मदत हवी का?" विचारलं. वारजे आलं. मागून एक काळी एसयूव्ही चिकटली. डिपर. पुन्हा डिपर. मी दुर्लक्ष केलं. मग ती बाजूने पुढे गेली आणि मागच्या खिडकीतून एक सातेक वर्षांचा मुलगा माझ्या गाडीवरच्या 'टर्बो' या अक्षरांकडे बोट दाखवून पोट धरून हसला.

त्या अक्षरांची एक कथा आहे. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो काढली. तिच्या नाकावर 'टर्बो' हा शब्द उलटा लिहिलेला होता. पुढच्याला आरशात तो सुलटा दिसावा आणि त्याने निमूट बाजूला व्हावं, ही योजना. ही योजना पुण्यात चालली नसती, कारण इथे आरसा हा केस नीट करण्यासाठी असतो. जर्मनीतही फार चालली नाही: गाडी सप्टेंबरात फ्रँकफर्टला दाखवली आणि पुढच्याच महिन्यात तेलसंकट आलं. जेमतेम १,६७२ गाड्या निघाल्या आणि खेळ आटोपला. पेट्रोल पिणारी गाडी नेमकी नको त्या वेळी घेणारा मी जगात पहिला नाही, हा विचार मला नेहमी धीर देतो.

पण त्या वेळी वारज्याच्या पुलावर धीर आला नाही. पायाखाली 'कर्र' असा आवाज झाला.

"मोडला," अप्पा समोर बघत म्हणाले.

"तुकडे मोठे आहेत," मी म्हणालो. तोवर एसयूव्ही मागे पडली होती, आणि कात्रजच्या नव्या बोगद्याचा चढ लागला होता. डॅशबोर्डवर त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज दिसतं ते अप्पांनी वाचलं: ३.१. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. वहीत लिहिताना त्यांचा हात थोडा थरथरत होता.

कापूरहोळहून आत वळलो, भोरला पोचलो, दोन चहा घेतले आणि निघालो. चहा तीस रुपयांचा. त्यासाठी लागलेल्या पेट्रोलची बेरीज अप्पा ओठांतल्या ओठांत करत होते. खेड शिवापूरच्या टोलनाक्याशी गाडी थांबली आणि अप्पा एकदम म्हणाले, "ते चक्र फिरतं म्हणालास, ते कळतं कसं?"

"शीळ वाजते."

"मला तर नाही ऐकू आली."

"पाय दाबावा लागतो."

अप्पांनी वही मिटली. "तपासणी पूर्ण असावी," ते म्हणाले. "एकदाच."

पुढचा रस्ता मोकळा होता. दुसरा गिअर, तीन हजारच्या वर काटा, सुईसारखी बारीक शीळ, आणि अप्पांचं डोकं हलकेच सीटला टेकलं. ऐंशीला मी पाय काढला. आत शांतता. मला वाटलं बीपीची गोळी शोधावी लागणार.

"डाव्या कानाने नीट ऐकू आलं नाही," अप्पा म्हणाले. "परत."

डाव्या कानासाठी एकदा, मग खातरजमेसाठी एकदा आणि 'आता घरी जाताना शेवटचं' म्हणून एकदा, असं ते झालं.

बोगदा संपला, नवले पुलाकडचा उतार लागला आणि अप्पांच्यातला लूनावाला जागा झाला. "उतार! न्यूट्रल कर! इंजिन बंद कर!"

"मुळीच नाही. इथे ट्रक न्यूट्रलला टाकूनच ब्रेक जातात आणि लोक मरतात. शिवाय इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून पाय काढला की इंजिन पेट्रोल घेणंच बंद करतं. चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रल केलं तर उलट ते चालू ठेवायला पेट्रोल लागतं. हे बघा."

डॅशबोर्डवर ९९.९ झळकत होते. त्याहून मोठा आकडा त्याला दाखवताच येत नाही.

अप्पांचे डोळे पाणावले. "नव्व्याण्णव! अरे, आपण परत वर जाऊन पुन्हा उतरू या का?" मग त्यांनी झरझर वही उघडली. "जाताना ३.१, येताना ९९.९. बेरीज १०३. भागिले दोन. साडेएक्कावन्न देते की!"

चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे सांगणं जिवावर आलं, पण सांगितलं. "अप्पा, अ‍ॅव्हरेजचं अ‍ॅव्हरेज असं निघत नाही. जितकं अंतर चढलो तितकंच उतरलो, तर पेट्रोल सगळं चढावरच गेलं. हिशेब सहाचा येतो."

"बँकेत आम्ही असंच काढायचो," अप्पा पुटपुटले. त्यावर दोघंही नवले पुलापर्यंत गप्प बसलो.

तोच पंप, तेच मशीन. "झिरो बघा, साहेब." नोझल १०.९ लिटरवर खट्‌कन थांबलं. किलोमीटर ११२. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि उडालोच: १०.२८! दोन आकडी! "झालं, चला," मी घाईने म्हणालो.

"हलवायची राहिली," अप्पा म्हणाले.

"आता कशाला?"

"सकाळी हलवली होती." आणि तो प्रामाणिक माणूस खाली उतरून माझी इभ्रत गदागदा हलवू लागला. १.२ लिटर आणखी गेलं. एकूण १२.१. भागाकार ९.२६. अप्पांनी तो वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि बँकेच्या सवयीने सही केली.

घरी पोचलो. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. माझ्या हातातली किल्ली बघून त्यांनी विचारलं, "टर्बो ना तुमची? किती देते हो?"

मी अप्पांकडे बघितलं. वही त्यांच्या काखेत होती. नऊ पूर्णांक सव्वीस शतांश, सहीनिशी. मी निमूटपणे खरं बोलायला तोंड उघडलं.

"चौदा," अप्पा म्हणाले. "मी स्वतः मोजलंय."

तिसरा मजला आला. दार उघडलं. उतरता उतरता अप्पा माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "कमी तर नाही ना सांगितलं?"